नववा प्रश्न

"धुळ्याहून आहे, तुझी बहीण," म्हणत भटूसरांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला तेव्हा मी मेळाव्यासाठी मुलींची यादी आडनावाप्रमाणे लावत बसलो होतो. सुनंदाचं पहिलं वाक्य ऐकल्यावरही माझी बोटं थोडा वेळ कीबोर्डवर चालतच राहिली. ती एसटीडी बूथमधून बोलत होती, मागे पंख्याची घरघर होती. "भाऊ, एक बघून सांगशील? नवव्या प्रश्नाला यांनी 'हो' लिहिलं होतं ना?" मी म्हणालो, कुठला नववा प्रश्न. खरं तर त्या फॉर्मचे बाराही प्रश्न मला पाठ होते आणि नववा तर झोपेतसुद्धा म्हणून दाखवला असता. ती म्हणाली, "काल यांना म्हटलं, माय गेली, आता भाऊ नशिराबादला एकटाच आहे, त्याला इकडे घेऊन येऊ. तर म्हणतात, हे कधी ठरलं? मी म्हटलं, तुम्ही फॉर्मवर हो लिहिलंय. म्हणतात, मी 'नाही' लिहिलं होतं. देवाची शपथ घेतात. सहा महिन्यांत पहिल्यांदा कळलं मला, की हा माणूस तोंडावर खोटं बोलतो. माझी पिशवी भरून झालीय. ते कोणाला दिसत नाही माहीत आहे, पण हेच म्हणतात, भावाकडून उघडून बघून घे; तू फक्त बघून सांग." कॉम्प्युटर माझ्यासमोर चालू होता, लग्नानंतरही न काढलेलं तिचं नाव त्याच यादीत मघाशी वर सरकून गेलं होतं. मी म्हणालो, आत्ता मशीन बंद आहे, मी उद्या सकाळीच येतो. "येऊन काय करशील, सांग ना फोनवर," ती म्हणाली, आणि मी फोन ठेवून दिला. भटूसरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, सगळं ठीक ना. ठीक, असं मी म्हणालो आणि उरलेली यादी लावून टाकली, कारण हाताला ते काम सोपं होतं.

ही यादी म्हणजे आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाची. जळगावात नवी पेठेतल्या एका जिन्यावर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, भटूसर, मी आणि गेल्या जानेवारीपर्यंत कनीज, एवढ्या बळावर आम्ही मंडळाची वेबसाइट केली होती. भटूसरांनी शाळेतली गणिताची नोकरी सोडून हा संसार मांडला होता आणि 'खान्देशातली पहिली' हे शब्द ते दर दहा वाक्यांनी उच्चारत. घरी इंटरनेट असलेली माणसं सगळ्या जिल्ह्यात मिळून बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे लोक जिना चढून आमच्याकडेच येत, फॉर्म भरत, आणि कळ दाबल्यावर पडद्यावर 'जुळतं' किंवा 'जुळत नाही' असं येई तेव्हा माना वाकवून बघत. ते जुळवणारं डोकं कनीजचं होतं. तिचे वडील गनीभाई शिंपी, व्यापाऱ्यांच्या बंड्या शिवण्यात त्यांचं नाव होतं. कनीजनं स्थळाचा जो क्लास लिहिला, म्हणजे एका स्थळाची सगळी माहिती ज्या साच्यात बसते तो साचा, त्यात नाव, गाव, शिक्षण, नोकरी उघडं होतं आणि बारा प्रश्नांची उत्तरं तिनं प्रायव्हेट ठेवली होती. हे बारा प्रश्न तिनंच काढलेले. दारू, मुलीची नोकरी, आधीचं मोडलेलं लग्न, अंगावरचं कोड, असे बघायच्या कार्यक्रमात कोणाच्याही जिभेवर न येणारे. मुलानं खरं उत्तर लिहायचं, मुलीनं यातला कुठला प्रश्न आपल्या मनातली अट आहे तेवढी खूण करायची. साचा आतल्या आत ताडून बघणार आणि बाहेर फक्त जुळतं की नाही एवढंच बोलणार. का जुळत नाही ते ना बापाला कळणार, ना मंडळाच्या अध्यक्षाला, ना आम्हाला. मी तिला चिडवायचो, की हे तुझं मशीन फार घुमं आहे. ती म्हणायची, "वना, अब्बा बंडीला चोरखिसा शिवतात ना, तो कुठे आहे हे त्यांना माहीत असतं. म्हणून तर ते तिथे हात घालत नाहीत. प्रायव्हेट म्हणजे कुलूप नाही रे, सांगून ठेवलेलं असतं, की इथे हात नको."

सुनंदा फॉर्म भरायला आली तेव्हा कनीजनं मला चहा सांगायला खाली पिटाळलं. मी चहा सांगून वर आलो तर दोघी हळू आवाजात बोलत होत्या आणि मला बघून गप्प झाल्या. बायकांचं काहीतरी असेल असं मला वाटलं. आता वाटतं, त्या दिवशी जिन्यात पाच मिनिटं कमी थांबलो असतो तर काय ऐकू आलं असतं? पण हे नुसते मनाचे खेळ आहेत. मला फिट येते हे नशिराबादेत सगळ्यांना माहीत आहे. नववीत असताना वर्गात पहिली आली, मग यात्रेत, मग गावच्या बसस्टँडवर, आणि प्रत्येक वेळी शुद्धीवर येताना नाकाशी कोणाचीतरी चप्पल असायची. आमच्याकडे मिरगीला चामड्याचा वास देतात. माझं सगळं तरुणपण मी परक्या माणसांच्या चपलांच्या वासानं जागा होत काढलं असं म्हटलं तरी चालेल. फक्त सुनंदा जवळ असली की चप्पल नसायची. ती अकरा वर्षांची असल्यापासून तिनं सिव्हिलच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, की काय करायचं. मला कुशीवर वळवायची, डोक्याखाली ओढणी सरकवायची आणि बापाच्या जुन्या चावीच्या घड्याळात बघत बसायची. मग शंभर पानी वहीत लिहायची, तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी मी काय करत होतो. गर्दीतल्या मोठ्या माणसांना "चप्पल काढा तिथून" म्हणून दटावणारी परकरातली पोर मला नीट आठवते, म्हणजे तिचे पाय आठवतात, कारण मी जमिनीवरून बघत असायचो. हे ती आयुष्यभर करणार असं मी कधी म्हटलं नाही. करणार नाही असंही कधी मनात आलं नाही. सवय होती.

आठ महिने तिच्या नावापुढे एकही स्थळ जुळलं नाही. बी.एड. झालेली, दिसायला चारचौघींसारखी, स्वभावाला गरीब, आणि कळ दाबली की 'जुळत नाही'. मेळाव्यातले लोक हसू लागले, की मशीनवाल्याचीच बहीण मशीनला पसंत नाही. घरी माय भाकरी थापता थापता माझ्यावर यायची. "पोर घरमा बठेल शे, लोके इचारतस. तुना मशीनले सांग, काहीतरी कर." कनीज तोवर पुण्याला नोकरीला निघून गेली होती. जाताना तिनं मूळ कोड फ्लॉपीवर दिला होता, ती फ्लॉपी खराब निघाली आणि हाती राहिला तो मशीनला कळणारा, माणसाला न वाचता येणारा साचा. भटूसर म्हणाले, "वना, कनीजच्या कोडमध्ये चूक असणार. बघ जरा आत शिरून." मला तेवढंच निमित्त हवं होतं. मार्चमधली दुपार होती, सर जेवायला गेले होते, खाली रस्त्यावर केळीच्या ट्रका भोंगे वाजवत होत्या. आम्ही ज्या भाषेत कोड लिहायचो त्या जावाची नवी सीडी आलेली होती आणि तिच्यात अशी सोय होती, की कुठल्याही ऑब्जेक्टला, म्हणजे साच्यात भरलेल्या एकेका स्थळाला, विचारायचं, बाबा रे, तुझ्या आत कोणकोणते कप्पे आहेत? तो मुकाट नावं सांगतो. मग ज्या कप्प्यावर प्रायव्हेट लिहिलंय त्याच्यासाठी एक ओळ लिहायची, की याची तपासणी करू नको. रिफ्लेक्शन म्हणतात त्याला. चोरी म्हणावी असं त्यात काही दिसत नाही, काही फुटत नाही, तुटत नाही, राखणदार नुसता दुसरीकडे बघतो. कनीजनं अख्खी स्थळं जशीच्या तशी फाइलमध्ये ठेवलेली होती. मी सुनंदाचं स्थळ उचललं आणि पडद्यावर बारा ओळी उमटल्या. अकरा ओळींपुढे 'नाही', नवव्या ओळीपुढे 'हो', म्हणजे तेवढी एकच तिची अट. नववा प्रश्न असा होता, मुलीच्या माहेरचं आजारी माणूस कायमचं सोबत राहिलं तर चालेल का.

मी उठून दार लावून घेतलं. घरात आजारी माणूस एकच. तिनं दारूला हरकत घेतली नव्हती, नोकरी सोडायला हरकत घेतली नव्हती, मोडलेल्या लग्नाच्या माणसालाही नाही म्हटलं नव्हतं, आणि या एका गोष्टीवर अडून ती आठ महिने लोकांचं हसू सोसत बसली होती. आणि यादीतल्या दोनशे तीस मुलांत तिच्या वयाशिक्षणाला बसणाऱ्या एकानंही हो लिहिलेलं नव्हतं. मला रडू आलं, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ राग आला, तो कोणाचा हे मी तेव्हा बघितलं नाही. आता बघतो. मी तिच्यावर चिडलो होतो. मला फिटचा नव्हे, मी तिच्या लग्नाची अट असण्याचा राग आला. आजारी माणूस. ही माझी जात, धर्म, शिक्षण सगळं एका ओळीत आटोपलं होतं. त्या नव्या सोयीनं नुसतं वाचता येत नाही, आत लिहिताही येतं. मी नवव्या कप्प्यात 'नाही' लिहिलं, फाइल जतन केली आणि कळ दाबली. वयाशिक्षणाला बसणारी अकरा स्थळं जुळत होती. तिचं भलं व्हावं म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे आणि ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं एवढंच, की कोणाच्याही गळ्यातलं लोढणं म्हणून मला कागदावर राहायचं नव्हतं, मग तो कागद कोणाला दिसत नसला तरी. एक साधी गोष्ट त्या दुपारी माझ्या डोक्यात शिरलीच नाही. अट पुसली गेली हे मला माहीत होतं, तिला नव्हतं.

संध्याकाळी मी अकरा नावांचा कागद घरी नेला. सुनंदानं ओट्यावर उभं राहून तो वाचला, दोनदा वाचला. "हे सगळे जुळलेत? नक्की?" मी म्हणालो, नक्की, काहीतरी चूक होती, ती काढली. ती खाली बसली आणि रडू लागली. माय म्हणाली, आनंदाच्या दिवशी काय रडतेस. ती म्हणाली, "अकरा घरं आहेत, भाऊ. मला वाटलं होतं एकही नसेल." मी ते ऐकून हसलो होतो. ज्या अकरा घरांनी मला दारात उभं केलं नसतं त्यांच्यासाठी ती देवापुढे साखर ठेवत होती, आणि मी तिथेच उभा राहून हसत होतो. रुपचंदला बघताना तिनं नवव्या प्रश्नाचा शब्दही काढला नाही. का काढेल? तोंडानं विचारायला लागू नये म्हणूनच तर तो फॉर्म होता. रुपचंदचं धुळ्याला मोटारी रिवाइंड करायचं दुकान, माणूस कमी बोलणारा, बोटांना सतत वार्निशचा वास. मे महिन्यात लग्न झालं. गाडीत बसताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "औषध चुकवू नको. थोडेच दिवस." मला ती समजूत वाटली, मुली निघताना काहीबाही म्हणतात. तिचा तो बेत होता. नंतर वही सापडेना तेव्हा मी माळा, पेटी, मायची गोधड्यांची चळत, सगळं उलथंपालथं केलं. मग सप्टेंबरात माय सकाळी चूल पेटवताना बसल्या जागी गेली आणि घरात मी, चूल आणि गोळ्यांची पट्टी एवढेच राहिलो. ऑक्टोबरात मला दोन फिट आल्या. किती मिनिटांच्या ते माहीत नाही, कारण बघायला कोणी नव्हतं.

सकाळच्या एसटीत मला खिडकी मिळाली. एरंडोलपर्यंत मी पहिलं खोटं तयार केलं, की हो, त्यांनी 'हो' लिहिलं होतं. ते सगळ्यात सोपं. मग ती पिशवी उचलेल, माझ्याबरोबर नशिराबादला येईल, पुन्हा घड्याळ, पुन्हा वही, पुन्हा माझ्या डोक्याखाली ओढणी. या विचारानं मला जे सुख झालं त्याची मला अजून लाज वाटते. रुपचंद जन्मभर खोटारडा ठरला असता आणि मी बरा झालो असतो, म्हणजे तिच्यापुरता. दुसरं खोटं पारोळ्याला तयार झालं. गाडी तिथे दहा मिनिटं थांबली, लोक उतरून भजी खात होते, किल्ल्याच्या भिंतीवर ऊन आलं होतं. मशीन चुकलं, कनीजनं कुठेतरी घोळ केला होता, असं सांगायचं. कनीज पुण्याला, तिला कोण विचारायला जातंय. पण तिच्या साच्यात चूक नव्हती. अख्ख्या व्यवहारात दिलेला शब्द पाळला तो एकट्या त्या घुम्या साच्यानं. तिसरं काही मी तयार केलं नाही. धुळ्याला उतरलो तेव्हा मला ओळखीचा तो जळक्या टरफलांचा वास आल्यासारखा वाटला, फिट यायच्या आधी येतो तो, आणि मी अगदी मनापासून म्हणालो, ये. तिच्या दारातच ये. ती धावेल, आणि मग काही सांगायलाच नको. मी थांबून वाट बघितली. स्टँडबाहेर खरंच कोणीतरी शेंगा भाजत होतं.

देवपुरातलं घर, पुढे न्हाणीचा ओटा, तुळशीला नवी माती. पिशवी दाराशी होती. सुनंदा माझ्या हातातून डबा घेत म्हणाली, "पाहिलंस ना? हो आहे ना?" रुपचंद दुकानाला न जाता आत खाटेवर बसला होता, त्यानं नुसतं "या भाऊ" म्हटलं. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे आणि तरी मला भाऊ म्हणतो. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी 'नाही' लिहिलं होतं, ते खरं बोलतायत. मग तुझ्याशी जुळलं कसं, असं ती विचारायच्या आत मी म्हणालो, "तुझी खूण मी काढली. मार्चमध्ये. मी आत जाऊन वाचलं आणि काढून टाकलं." शाळेत गेल्यापासून आम्ही दोघं आपापसात पुस्तकी मराठीच बोलायचो, मायची बोली मायपुरती होती. सुनंदा हळूच म्हणाली, "तू वाचं?" मायच मागे उभी आहे असं वाटलं मला. मग ती म्हणाली, "कनीजताईला मी विचारलं होतं, हे कोणालाच दिसणार नाही ना? ती म्हणाली, कोणालाच नाही. मी म्हटलं, भाऊलापण नाही? ती म्हणाली, भाऊलापण नाही." ती हे मला सांगत नव्हती, आठवून बघत होती, की आपलं नेमकं कुठे चुकलं. मी म्हणालो, तुझं लग्न व्हावं म्हणून. ती म्हणाली, "विचारायचं होतंस. मी सांगितलं असतं. भांडले असते, पण सांगितलं असतं. लहानपणापासून तुझ्यापासून काय लपवलं मी? एक तेवढं लपवलं."

रुपचंद खाली बघत बोटावरचं वार्निश खरवडत होता. मग तो म्हणाला, "कागदावर विचारलं की माणूस 'नाही'च लिहून टाकतो, भाऊ. मी तर त्या फॉर्मवर बारा ठिकाणी 'नाही' लिहिलं, घाईत होतो. तोंडानं मला विचारलंच नाही कुणी." तो तिच्याकडे वळला. "मागची खोली रिकामीच आहे. राहू दे त्यांना. काय बिघडलं?" हे त्यानं अगदी सहज म्हटलं. जे हो दोनशे तीस माणसांत सापडलं नव्हतं ते त्या खाटेवर बसलेलं होतं. माझ्या तोंडून 'नको' निघायला हवं होतं, निघालं नाही. मी सुनंदाकडे बघितलं. माझी सगळी आशा माझ्या तोंडावर दिसत असणार.

"नको," ती म्हणाली.

एवढंच म्हणून तिनं दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आत नेली. आतून बराच वेळ कपड्यांच्या घड्या फडताळात ठेवल्याचे आवाज येत होते. मग पेटीचं झाकण वाजलं. रुपचंदनं मला पाणी दिलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात शंभर पानी वही होती, तिच्यावर चावीचं घड्याळ ठेवलेलं. मी घरभर शोधत होतो ती वही लग्नाच्या दिवसापासून तिच्या पेटीत होती, माझी वाट बघत. तिनं दोन्ही माझ्या पुढ्यात ठेवलं. "डॉक्टरांना लागेल," ती म्हणाली, "घड्याळाला रोज चावी दे, थांबतं ते." जेवून जा म्हणाली, मी जेवलो. वाढताना तिनं भाकरी दोनदा विचारली. आखाजीला येशील का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तेव्हा लेकी माहेरी येतात, पण माहेर म्हणजे आता मी एकटाच, म्हणून मी तो गिळला. ती निरोप द्यायला दारापर्यंत आली, पुढे ओट्यापर्यंत आली नाही.

परवा जळगावच्या नव्या डॉक्टरांकडे वही घेऊन गेलो. ते खूश झाले, असा बारा वर्षांचा हिशेब कोणी ठेवत नाही म्हणाले, आणि एकेक पान बघू लागले. तिचं अकरा वर्षांचं अक्षर, मग तेराचं, मग कॉलेजातलं. शेवटाकडे एका जागी दोन पानं एकमेकांना चार टाचण्या मारून बंद केलेली होती. टाचण्या नव्या होत्या, चकचकीत. आत शाईच्या ओळी आहेत एवढं कागदातून दिसत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "हे काय? काढू का टाचण्या?" त्यांनी नखही घातलं होतं. मी म्हणालो, नको. ते म्हणाले, अहो, तुमच्या आजाराचंच काहीतरी असेल, महत्त्वाचं असेल.

"असेल," मी म्हणालो, "पण ते तिचं आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचं पान उलटलं.